‘अ‍ॅडोलेसंट’ : गिरणीच्या दारातील एक शब्द

‘अ‍ॅडोलेसंट’ या इंग्रजी शब्दाचा लॅटिन मुळातील अर्थ ‘वाढीस लागलेला’ असा आहे. मराठीतील पोर, कुमार, किशोर हे शब्दही वयच सांगतात. पण त्यांस आकड्यांचे कुंपण नाही. ‘किशोर’ तर संस्कृतात शिंगरासही लावीत. आकड्यांची गरज पडली ती गिरणीमुळे. सोलापुरातील ‘जुनी मिल’ १८७७ साली सुरू झाली, तेव्हा हिंदुस्थानात कारखान्यांचा कायदाच नव्हता. १८८१ च्या कायद्याने ७ ते १२ वर्षांचा कामगार ‘चाइल्ड’ ठरविला. १८९१ मध्ये ही मर्यादा ९ ते १४ आणि १९२२ मध्ये १२ ते १५ झाली. तेरा वर्षांचा पोरगा १८९१ पूर्वी प्रौढांत जमा होता, नंतर तोच मुलांत आला.

‘अ‍ॅडोलेसंट’ हा वर्ग १९३४ च्या कायद्याने निर्माण केला : पंधरा पुरी, सतरा अपुरी. परंतु केवळ वयाने भागत नसे. प्रौढाचे काम करण्यास पात्र असल्याचा सर्जनचा दाखला नसेल, तर सोळा वर्षांचा मुलगाही कायद्याने ‘चाइल्ड’च राही व त्यास दिवसाचे ५ तासच काम मिळे. घरी कमावता म्हणून गणलेला मुलगा गिरणीत मूल ठरे. दाखल्यावर रोजाची रक्कम अवलंबून असे.

शहरातील पद्मशाली विणकरांच्या हातमागघरांत मात्र हा शब्द शिरलाच नाही. १९३४ चा कायदा मुख्यतः यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, वीस वा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरता होता. घरी कांड्या भरणारे पोर कोणत्याच व्याख्येत बसत नव्हते.