बेदरकारांच्या सुटकेचा खर्च कोणी सोसावा? माँ ब्लाँ, १९५६

१/ स्वतःच्या हौसेपायी संकटात सापडलेल्याला वाचवण्याचा खर्च समाजाने का सोसावा? ‘करावे तसे भरावे’ हा न्याय येथे का लागू नसावा? प्रत्येक गाजलेल्या बचावकार्यानंतर हा प्रश्न उपस्थित होतो. फ्रान्सने त्याला दिलेल्या उत्तरामागे १९५६ च्या नाताळातील एक शोकांतिका आहे. #इतिहास #धागा

२/ जाँ व्हँसाँदों हा २४ वर्षांचा फ्रेंच तरुण, तर फ्रान्स्वा आन्री २२ वर्षांचा बेल्जियन. डिसेंबरच्या अखेरीस दोघे माँ ब्लाँच्या इटलीकडील ब्रेन्व्हा धारेवरून चढाईस निघाले. शिखराची उंची ४,८०० मीटरहून अधिक. भर हिवाळ्यात अशा वाटेने जाणारे त्या काळी विरळाच.

३/ त्याच दिवसांत त्याच पर्वतावर इटलीचा विख्यात गिर्यारोहक वॉल्टर बोनाती आपला सोबती सिल्वानो गेझेर याच्यासह चढाई करत होता. दोन्ही जोड्यांना एकाच वादळाने गाठले. बोनाती गेझेरला घेऊन वरच्या निवाऱ्यापर्यंत पोहोचला आणि पुढे इटलीत उतरला. फ्रेंच बाजूने उतरू पाहणारे दोघे तरुण मात्र हिमनदीवर अडकले.

४/ खाली शामोनी गावातून ते दुर्बिणीने दिसत होते. वार्ताहर जमले, वृत्तपत्रांचे मथळे सजले. परंतु सुटकेसाठी सरकारची स्वतंत्र यंत्रणाच नव्हती. स्थानिक गाइड, पर्वतारोहण शाळांचे प्रशिक्षक आणि लष्कर यांच्या परस्पर सहकार्यावर सारे अवलंबून होते.

५/ गाइडांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. अशा हवेत माणसे वर पाठवणे म्हणजे आणखी बळी देण्यासारखे होते. त्यातच दुसरा सूर मिसळला : हिवाळ्यात जाणाऱ्याने परिणामांची जाणीव ठेवूनच जावे. अन्नपूर्णा मोहिमेतील गिर्यारोहक लिओनेल तेरे याला हे मान्य नव्हते. त्याने स्वयंसेवकांची तुकडी उभी करून स्वतः वाट धरली.

६/ ३१ डिसेंबरला लष्कराचे सिकोर्स्की हेलिकॉप्टर त्या दोघांजवळच कोसळले. आता वर आणखी चौघे अडकले : दोन वैमानिक आणि दोन प्रशिक्षक. हिमदंशाने जखडलेल्या तरुणांना हलवणे अशक्य होते. त्यांना हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात ठेवून बचावपथक वरच्या निवाऱ्याकडे निघाले.

७/ ३ जानेवारी १९५७ रोजी अल्युएत हेलिकॉप्टरांनी बचावपथकाला खाली आणले. त्या दोघांसाठी मात्र पुन्हा कोणी गेले नाही. त्यांचे मृतदेह मार्चमध्ये खाली आणण्यात आले.

८/ या प्रकरणाने फ्रान्स हादरला. १९५८ मध्ये सरकारने पर्वतीय बचावाची जबाबदारी प्रीफेक्टांवर, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्यांवर सोपवली. शामोनीत जांदार्मरी या पोलीस दलाचे खास पथक उभे राहिले. आजही फ्रेंच पर्वतांत हे शासकीय बचावकार्य सर्वसाधारणपणे विनामूल्य असते.

९/ तत्त्वाला अपवादही झाले. १९८५ च्या पर्वतविषयक कायद्याने स्कीइंगमधील अपघातांचा बचावखर्च वसूल करण्याची मुभा स्थानिक नगरपालिकांना दिली. २००२ मध्ये ती अन्य क्रीडा व विरंगुळ्याच्या प्रकारांपर्यंत वाढवण्यात आली. अर्थात ही मुभा आहे, सक्ती नव्हे.

१०/ अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने निराळा मार्ग धरला. तेथे १९९९ पासून बेदरकार आणि २००८ पासून निष्काळजी व्यक्तींकडूनही खर्च वसूल करता येतो. २०१५ मध्ये २५ डॉलरचे वार्षिक कार्ड आले. ते घेणाऱ्याला निष्काळजीपणाचा खर्च माफ होतो, बेदरकारपणाचा नाही.

११/ वसुलीच्या बाजूने सबळ युक्तिवाद आहे. सुटकेचा पैसा अखेर करदात्याचाच, आणि त्याहून मोलाचे म्हणजे बचावपथकाचे प्राण. उलट बाजूचा युक्तिवादही तितकाच व्यवहारी आहे. खर्चाच्या धास्तीने माणूस उशिरा हाक मारतो. तोवर अंधार पडतो, प्रकृती खालावते आणि पथकाची जोखीमच वाढते.

१२/ खरी अडचण निवाड्याची आहे. बेदरकार कोणाला म्हणावे? पर्वत एकच, वादळही एकच. परत आलेल्या बोनातीची गणना विसाव्या शतकातील थोर गिर्यारोहकांत होते. न परतलेल्या दोघांच्या वाट्याला अविचारी हे विशेषण आले. अनुभवाचा फरक होताच, पण निवाड्यावर निकालाची छाया पडली, हेही नाकारता येत नाही.

१३/ १९५६ मध्ये वादाचा गाभा पैसा नव्हता, पात्रता होती : या दोघांसाठी इतरांनी जीव धोक्यात घालावा का? त्या प्रश्नाची चर्चा माणसे जिवंत असताना झाली आणि अमूल्य दिवस हातचे गेले. १९५८ च्या व्यवस्थेने हा क्रम बदलला. वर कोणी पाठवायचे, हे आधीच ठरले. दोषाचा विचार नंतर.

१४/ म्हणून खर्च वसूल करायचाच असेल, तर तो सुटकेनंतर, पुराव्यानिशी आणि ठरलेल्या नियमांनी व्हावा. हवामान पाहून निघायचे की थांबायचे, हे पथकाने जरूर ठरवावे. अडकलेला माणूस सुटकेस पात्र आहे का, हे मात्र त्या घडीला कोणी ठरवू नये. (समाप्त)