कापूस : अवर्षण-ताण व जनुककुले

एकाच मूळ जनुकाच्या प्रती होत जाऊन बनलेल्या, रचनेने सारख्या जनुकांच्या समूहाला जनुककुल म्हणतात. पाण्याचा ताण पडला की कापसात अशी अनेक कुले सक्रिय होतात. अमेरिकन कापूस (गॉसिपियम हिर्सुटम) चतुर्गुणित असून त्यात ५२ गुणसूत्रे असतात. सुमारे १०–२० लाख वर्षांपूर्वी ‘ए’ व ‘डी’ जीनोमगटांच्या संकरातून तो निर्माण झाल्याने त्याची बहुतेक जनुके जोडीने आढळतात. देशी कापसात (गॉ. आर्बोरियम) गुणसूत्रे २६. त्याचा जीनोम २०१४ मध्ये, तर हिर्सुटमचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

संकेतवहन : माती सुकू लागताच अ‍ॅब्सिसिक आम्लाचे प्रमाण वाढते. त्याचे ग्राही पीपी२सी फॉस्फेटेजांना रोखतात. त्यामुळे एसएनआरके२ कायनेजे मोकळी होऊन पर्णरंध्रे मिटतात.

नियामक कुले (इतर जनुकांची अभिव्यक्ती ठरवणाऱ्या प्रथिनांची) : डब्ल्यूआरकेवाय, नॅक, एमवायबी, बीझिप, ड्रेब इत्यादी. कुलातील सर्व सदस्य झाडाला तारकच असतात असे नाही. कापसातील डब्ल्यूआरकेवाय१७ तंबाखूवर्गीय झाडात अतिव्यक्त केल्यावर ते झाड अवर्षणाला अधिक बळी पडले. या कुलांच्या सदस्यसंख्येबाबत एकमत नाही.

लीआ कुल (भ्रूणविकासाच्या अखेरीस विपुल आढळणारी प्रथिने) : याचा शोधच कापसाच्या सरकीत लागला. जॉर्जिया विद्यापीठातील लिऑन ड्यूर व सहकाऱ्यांना सरकीतील भ्रूण पक्व होऊन वाळू लागताना काही प्रथिनांचे आरएनए विपुल साठत असल्याचे आढळले (१९८१). त्यांच्या क्लोनांचे क्रमांक (डी-७, डी-११, डी-१९, डी-११३ इ.) पुढे या प्रथिनांच्या वर्गीकरणाचा आधार ठरले, डी-११ वर्ग म्हणजे डिहायड्रिने. ही प्रथिने अत्यंत जलस्नेही असून पाण्यात बहुतांशी निश्चित घडीविना असतात. पेशी कोरडी पडताना ती पटले व इतर प्रथिने सांभाळतात, असे मानले जाते. पुढे ताणग्रस्त पानांतही ती सापडली. भ्रूणाची ही तजवीज झाड एरवीही वापरते. २०१८ च्या एका गणनेत हिर्सुटममध्ये २४२, आर्बोरियममध्ये १३६ व ‘डी’ गटातील गॉ. रायमोंडायमध्ये १४२ लीआ जनुके नोंदली गेली.

अ‍ॅक्वापोरिने : पेशीपटलातून पाणी ये-जा करू देणाऱ्या या प्रथिनांची हिर्सुटममध्ये किमान ७१ जनुके (२०१०).

उपयोजन : अ‍ॅरॅबिडॉप्सिसचे एव्हीपी१ (रिक्तिकेतील प्रोटॉन-पंपाचे) जनुक घातलेल्या कापसाने टेक्सासमधील कोरडवाहू चाचण्यांत अधिक रुई दिली (२०११). महाराष्ट्रातील कापूस मुख्यतः कोरडवाहू असून फुलोऱ्यात पावसाचा खंड पडल्यास पातेगळ होते. भारतात २००२ पासून लागवडीस मंजूर झालेले जनुकीय वाण मात्र बोंडअळीपुरते आहेत. अवर्षणासाठीचे जनुक त्यांत नाही.