वर्कफ्लो म्हणजे काय? 'पेंडिंग' या शब्दामागचा नकाशा

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज केला की एक नंबर मिळतो आणि मग आपण स्टेटस बघत बसतो. अर्ज कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या अटीवर जाणार, हा ठरलेला रस्ता म्हणजे वर्कफ्लो. समजा असं वेब ॲप तुम्हालाच बनवायचंय. तर स्क्रीन नंतर, आधी हा रस्ता काढा.

त्यासाठी बीपीएमएन ही चिन्हांची पद्धत आहे. ती २००४ साली आली, २०११ मध्ये तिची २.० आवृत्ती आली आणि २०१३ मध्ये आयएसओ मानक झाली. चिन्हांची यादी लांबलचक आहे, पण मला रोज चारच लागतात. पातळ रेषेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड रेषेचं म्हणजे शेवट, गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा गेटवे म्हणजे फाटा. अर्जदार, कारकून, अधिकारी यांना वेगवेगळे पट्टे द्यायचे, त्यांना लेन म्हणतात. बाणाने लेन ओलांडली की काम दुसऱ्याच्या टेबलावर गेलं.

'अर्ज आला, तपासला, दाखला दिला' हे कोणीही काढेल. खरी गंमत पुढे आहे. एक कागद कमी असेल तर? अर्ज फेटाळायचा, की फक्त तेवढा कागद मागवायचा? आणि कोणी हातच लावला नाही तर? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्ज नाकारताना लेखी कारण द्यावं लागतं, आणि सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं. आकृतीत याचा अर्थ असा: 'नाकारा' या कामात कारणाचा रकाना सक्तीचा, आणि तपासणीच्या चौकोनाच्या कडेवर घड्याळाचं चिन्ह, म्हणजे टायमर. मुदत संपली की तिथून वेगळा बाण निघतो. हा बाण काढायचा राहिला, तर अर्ज तिथेच पडून राहील आणि ॲपला पत्ताही लागणार नाही.

आकृती नीट जमली की कोडिंग बरंच सोपं होतं. लेनचा होतो लॉगिन रोल, कामाची होते स्क्रीन, गेटवेची होते अट. कॅमुंडासारखं इंजिन तर बीपीएमएनची फाइल थेट चालवतं. स्टेटसही आकृतीतूनच येतं, म्हणून नुसतं 'पेंडिंग' मला आळशीपणा वाटतो. 'कारकुनाकडे तपासणीत' लिहायला काय जातं?

सराव करायचा तर हॉस्टेलच्या रजेचा अर्ज घ्या. बीपीएमएन डॉट आयओ हे टूल ब्राउझरमध्ये फुकट चालतं. फोनवर मात्र बोटाने बाण ओढताना वैताग येतो, तेव्हा पहिला नकाशा वहीतच काढा.