चांदीचा रुपया : कस आणि मोल

आपल्या समाजाचा नाण्यांशी असलेला संबंध केवळ तिजोरीपुरता नाही. दिल्लीच्या खिलजी सुलतानांच्या सेवेत असलेले ठक्कुर फेरू हे जैन श्रावक होते. इ.स. १३१८ मध्ये त्यांनी ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. कोणत्या राज्याच्या नाण्यात चांदी किती, हीण किती, वजन किती, याचा हिशेब त्यात आहे. सराफाच्या लेखी नाण्याचे मोल म्हणजे वजन आणि कस.

वऱ्हाडातही हीच दृष्टी होती. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर येथे कलदार रुपया रुजला. पैनगंगेपलीकडे मात्र निजामाचा हाली शिक्का चालू राहिला. दोन्ही रुपयेच, परंतु कलदारात चांदी अधिक, म्हणून बट्ट्याचा प्रश्न येई. कलदाराचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले.

संग्राहकाचा हिशेब निराळा. चांदी तेवढीच असूनही एका रुपयाला तो धातूचा भाव देतो, तर दुसऱ्याला अनेक पट. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया पाहा. राजाच्या झग्यावरील पदकातला हत्ती डुकरासारखा दिसतो, असा बोभाटा झाला. सरकारने बहुतेक नाणी परत वितळवली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड स्पष्ट केली. उरले ते दुर्मीळ ठरले. १९३९ सालचा मुंबईचा रुपया तर त्याहून विरळा. त्यामुळे त्याच्या नकलाही फार. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागील बाजूस तळाच्या कमळाखाली बारीक टिंब असेल तर तो मुंबई टाकसाळीचा, नसेल तर कलकत्त्याचा.

कोऱ्या ताग्याचा आणि धुतलेल्या कापडाचा भाव एक नसतो, हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही. तरीही लक्ष्मीपूजनापूर्वी आपण रुपये चिंचेने घासून लखलखीत करतो! त्यात अक्षरांची धार आणि चांदीवरची जुनी काळसर झाक जाते आणि संग्राहक पाठ फिरवतो.

चांदीचा भाव चढला की डबेच्या डबे मोडीत निघतात. एखाद्या घराच्या डब्यात कलदाराबरोबर चारमिनारचे चित्र असलेले हाली रुपयेही निघाले, तर त्या घराचा व्यवहार पैनगंगेच्या दोन्ही काठांवर होता, असा अंदाज बांधता येतो. मोडीच्या दुकानातही हे दोन्ही वेगळे काढले जातात, पण ते केवळ कस वेगळा म्हणून.