हाडाचा कर्करोग आणि धातूचे हाड : बीदर-कलबुर्गी सीमाभागाच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

हाडाचा कर्करोग तसा दुर्मीळ आहे. परंतु ऑस्टिओसार्कोमा हा त्यातील प्रमुख प्रकार बहुधा १० ते २० वर्षे वयाच्या मुलामुलींना, आणि तोही बहुतेक वेळा गुडघ्याजवळ होतो. ज्या वयात मूल दहावीची परीक्षा देते, त्याच वयात पाय ठेवावा की कापावा हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. हा पाय वाचविणाऱ्या इम्प्लांटचा इतिहास आणि भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या मराठी भाषकांच्या तालुक्यांशी त्याचा असलेला संबंध यांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

अवयव कापण्यापासून सांध्यापर्यंत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रोगावर हात किंवा पाय कापणे हाच मुख्य उपाय होता. १९४० मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन मूर व हॅरॉल्ड बोहलमन यांनी जायंट सेल ट्यूमरच्या एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून तेथे कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे हाड बसविले. पुढे लंडनजवळील स्टॅनमोर येथे जॉन स्केल्स यांनी प्रत्येक रुग्णाच्या मापाचे इम्प्लांट तयार करण्याची परंपरा रुजविली. मुलांच्या वाढीबरोबर लांब करता येणारे इम्प्लांट तेथे १९७६ पासून वापरात आले. प्रारंभी प्रत्येक वेळी लांबी वाढविण्यासाठी लहान शस्त्रक्रिया करावी लागे. २००२ पासून बाहेरून चुंबकीय शक्तीने लांबी वाढविणे शक्य झाले.

तथापि केवळ धातूने जीव वाचत नव्हता. पाय कापूनही पाच वर्षे जगणारे रुग्ण पाचांपैकी जेमतेम एक असत, कारण रोगाचे सूक्ष्म कण आधीच फुप्फुसात पोहोचलेले असत. १९७० च्या दशकात मेथोट्रेक्सेट व ॲड्रियामायसिन ही औषधे आली आणि चित्र पालटले. येथे एक बोधप्रद घटना नमूद केली पाहिजे. न्यूयॉर्क येथे रुग्णाच्या मापाचे इम्प्लांट तयार होण्यास दोन-तीन महिने लागत. हा काळ वाया जाऊ नये म्हणून गेराल्ड रोझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच औषधोपचार सुरू केले. कारखान्याच्या विलंबातून निघालेला हा मार्ग आज जगभर रूढ आहे. रोग पसरलेला नसल्यास आता योग्य उपचारांनी सुमारे ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षांहून अधिक जगतात. १९८० च्या दशकात व्हिएन्ना येथील रेनर कोट्झ यांनी सुट्या भागांचे, जागेवर जुळविता येणारे इम्प्लांट प्रचारात आणले आणि प्रतीक्षाही संपली.

भारतातील प्रयत्न

परदेशी इम्प्लांटची किंमत लाखांच्या घरात असल्याने भारतीय रुग्णाला बहुधा पाय कापण्यावाचून गत्यंतर नसे. चेन्नई येथे डॉ. मयिलवाहनन नटराजन यांनी देशी बनावटीची स्वस्त इम्प्लांट बसवून अनेकांचे अवयव वाचविले. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल (स्थापना १९४१), आयआयटी मुंबई आणि हैदराबाद येथील एनएफटीडीसी ही धातुसंशोधन संस्था यांनी केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाच्या साहाय्याने गुडघ्याचे देशी इम्प्लांट विकसित केले. गुडघा वाकण्याबरोबरच किंचित फिरतो. जुन्या बिजागरीत ही सोय नसल्याने सारा ताण हाडातील दांड्यावर येई व तो ढिला होई वा मोडे. फिरत्या बिजागरीने हा दोष पुष्कळ कमी झाला.

सीमाभागाची स्थिती

१९५५ मध्ये मेहदी नवाज जंग यांच्या पुढाकाराने हैदराबाद येथे रेडियम संस्था व कर्करोग रुग्णालय स्थापन झाले. तेव्हा बीदर व गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, म्हणजे ते आपल्याच राज्याचे रुग्णालय होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि आपले जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. बेंगळुरूचे किदवाई रुग्णालय १९७३ मध्ये सुरू झाले. परंतु बीदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर, तर बेंगळुरू सुमारे ७०० किलोमीटर. राज्याची सीमा बदलली, रुग्णाची वाट बदलली नाही. २०१० मध्ये गुलबर्गा विभागातूनच सुरू झालेल्या वाजपेयी आरोग्यश्री योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना कर्करोगासारख्या आजारात मोठ्या रुग्णालयात मोफत उपचाराची सोय दिली. २०१८ मध्ये ती आरोग्य कर्नाटक योजनेत विलीन झाली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, धातू, औषध व पैसा या तिन्ही अडचणींवर बऱ्याच अंशी मार्ग निघाला आहे. चौथी अडचण वेळेची आहे आणि ती आपल्या हातात आहे. मुलाचा गुडघा दुखू लागला की "खेळताना लागले असेल" म्हणून तेल चोळले जाते, हाडवैद्याकडून पट्टी बांधली जाते आणि महिने निघून जातात. गाठ रक्तवाहिन्यांना व मज्जातंतूंना वेढून बसली, तर सर्वोत्तम इम्प्लांटही उपयोगी पडत नाही. म्हणून दुखणे दोन-तीन आठवड्यांत थांबले नाही, रात्री वाढले किंवा सूज दिसली, तर मालीश न करता एक्स-रे काढावा. गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढणे शक्यतो जेथे शस्त्रक्रिया होणार तेथेच करावे. चुकीच्या जागी दिलेल्या छेदामुळे वाचू शकणारा पायही गमवावा लागतो. आपल्या शाळांतील शिक्षकांनी एवढी माहिती पालकांपर्यंत पोहोचविली, तरी ऐंशी वर्षांहून अधिक काळाच्या या संशोधनाचा लाभ आपल्या मुलांना मिळेल.