मल्लखांबपटूचा स्पर्धावेष : कासोट्यापासून अंगलग पोशाखापर्यंत

व्यायामविद्येच्या इतिहासात गुरुपरंपरा, आखाडे आणि डावपेच यांची नोंद आढळते. परंतु खेळाडूने अंगावर काय घालावे, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वस्तुतः हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. वेषाची निवड चुकली तर पकड सुटते, शरीराला इजा होते. आणि वेषाचा नियम संकुचित झाला तर समाजाचा एखादा वर्गच त्या विद्येपासून दूर राहतो. महाराष्ट्रात वाढलेल्या मल्लखांबाच्या संदर्भात या दोन्ही गोष्टी तपासून पाहण्याजोग्या आहेत.

चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरील व्यायामाचा उल्लेख येतो. त्यानंतर दीर्घ काळ लुप्तप्राय झालेल्या या विद्येचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी केले, असे परंपरा मानते. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी बाळंभटांनी वणीच्या सप्तशृंगीच्या सान्निध्यात साधना केली, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यातील आख्यायिकेचा भाग वगळला तरी एक गोष्ट स्पष्ट राहते. मल्लखांब हे मूलतः मल्लाचे साधन होते, खांब हा त्याचा न बोलणारा जोडीदार होता. साहजिकच कुस्तीच्या हौद्यातील लंगोट व जांगिया हाच मल्लखांबाचाही वेष ठरला.

हा वेष केवळ रूढीने टिकला, असे म्हणता येणार नाही. त्यामागे साधनाचा स्वभाव आहे. पुरलेला मल्लखांब सागवानी वा शिसवी लाकडाचा असून तळाकडून वर निमुळता होत जातो. अंग, मान आणि बोंड असे त्याचे भाग पडतात. खांबाला एरंडेल लावतात, तर पकड राहावी म्हणून राळेचा उपयोग करतात. अढी घालताना मांड्यांच्या आतील बाजूने, बगलीत काखेने खांब धरावा लागतो. येथे त्वचा हेच पकडीचे साधन होय. त्वचा आणि लाकूड यांच्यामध्ये कापड आले की ते घसरते, आणि खेळाडू डोके खाली असलेल्या अवस्थेत कोसळण्याचा धोका निर्माण होतो. सैल वस्त्र तर सुळकीच्या वेळी पायात अडकते. म्हणून उघडी मांडी, उघडी काख आणि कमरेशी घट्ट आवळलेले वस्त्र या तीन गोष्टी साधनानेच ठरवून दिल्या.

मराठी समाजाला हे तत्त्व अपरिचित नव्हते. दोन पायांमधून वस्त्र मागे नेऊन खोचण्याची पद्धत, म्हणजेच कासोटा, ही येथील श्रमजीवनाची जुनी सोय आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या परिसरात, प्रवरेच्या उगमाकडील डोंगरउतारांवर, महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. तेथील जुन्या पिढीतील स्त्रिया लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेऊन व काष्टा घट्ट खोचून चिखलात भाताची लावणी करीत आल्या आहेत. 'कास कसणे', 'पदर खोचणे', 'कंबर बांधणे' हे वाक्प्रचार याच अनुभवातून आले. अंग मोकळे ठेवणारे वस्त्र म्हणजे असभ्य वस्त्र, हे समीकरण या समाजाने श्रमाच्या क्षेत्रात कधी मानले नाही. ते व्यायामाच्या क्षेत्रात मात्र स्त्रीच्या बाबतीत मानले गेले, ही विसंगती लक्षणीय आहे.

युरोपात या प्रश्नाचे उत्तर निराळ्या वाटेने आले. १८५९ साली पॅरिसमध्ये उडत्या झुल्याची कसरत करून दाखविणारा फ्रेंच कसरतपटू झ्यूल लेओतार हा अंगाला चिकटून बसणारा अखंड पोशाख घालीत असे. पुढे त्या पोशाखाला त्याचेच नाव मिळाले. हवेत फिरणाऱ्या शरीराची रेषा प्रेक्षकास स्पष्ट दिसावी आणि वस्त्र कोठेही अडकू नये, असा त्याचा दुहेरी लाभ होता. मुंबईत आलेली चिआरिनीची सर्कस पाहून विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली स्वतःची सर्कस उभारली. युरोपीय कसरतपटूंचा हा वेष मराठी प्रेक्षकाच्या परिचयाचा होण्यास सर्कशीचा तंबू कारणीभूत झाला असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही. लंगोट आणि लेओतारचा पोशाख यांचे उगम भिन्न असले, तरी दोहोंमागील हेतू एकच होता.

विसाव्या शतकात मल्लखांब आखाड्यातून रंगणात आला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी व्यायामांची प्रात्यक्षिके केली. १९५८ साली राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांत मल्लखांबाला स्थान मिळाले. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत स्पँडेक्स या ताणल्या जाणाऱ्या तंतूचा शोध लागला आणि पुढे अंगलग पोशाखाचे स्वरूपच पालटले. १९८१ साली उज्जैन येथे मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा भरली. प्रात्यक्षिक आणि स्पर्धा यांत मोठा फरक आहे. स्पर्धेत पंच गुण देतात. गुडघा वाकला की नाही, पाय जुळले की नाही, हे त्यास दिसले पाहिजे. अशा रीतीने पकडीच्या जुन्या निकषात रेषेच्या स्पष्टतेची भर पडली.

मुलींच्या प्रवेशाचा मार्ग मुख्यतः दोरीच्या मल्लखांबाने मोकळा केला. पूर्वी या प्रकारात वेत वापरीत; वेताची जागा सुती दोरीने घेतली. दोरी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरतात, म्हणून पाऊल उघडे हवे. परंतु ती कमरेभोवती व पोटावरून आवळली जाते तेव्हा उघडी त्वचा सोलवटते. म्हणजे खांबावर जे वस्त्र घातक, तेच दोरीवर धडावर संरक्षक ठरते. धड झाकणारा आणि हातपाय मोकळे ठेवणारा अंगलग पोशाख मुलींसाठी रूढ झाला, त्यास ही तांत्रिक संगतीही होती. अलीकडे मुली पुरलेल्या खांबावरही उतरतात, आणि तेथे मांडीच्या पकडीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

जागतिक जिम्नॅस्टिक्समध्येही हा वाद संपलेला नाही. २०२१ साली बाझेल येथील युरोपीय स्पर्धेत आणि त्यानंतर टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मन महिला खेळाडू घोट्यापर्यंत पाय झाकणारा पोशाख घालून उतरल्या. नियमांना तो मान्य होता. स्वतःच्या देहाविषयी निश्चिंत राहण्याचा खेळाडूचा हक्क त्यांनी अधोरेखित केला. मात्र हे उदाहरण मल्लखांबास जसेच्या तसे लागू करता येणार नाही. असमान दांड्यांवर पकड प्रामुख्याने तळहाताची असते, मल्लखांबावर ती सर्वांगाची असते. जर्मन खेळाडूला जी निवड सहज उपलब्ध आहे, ती खांबावरील मुलीला पकड गमावल्यावाचून मिळत नाही.

या विवेचनावरून योग्य स्पर्धावेषाचे तीन निकष निष्पन्न होतात. पकडीच्या जागी त्वचा मोकळी असावी व घर्षणाच्या जागी ती झाकलेली असावी. बंद, गुंडी, दागिना वा जाड शिवण यांचा अडथळा नसावा. आणि परिधान करणाऱ्यास त्यात संकोच वाटू नये. पहिले दोन निकष साधन ठरविते, तिसरा समाज ठरवितो. साधनाचा स्वभाव पालटता येत नाही. पालटावयाची असते ती पाहणाऱ्याची दृष्टी. चिखलातील काष्ट्याकडे ज्या सहजतेने पाहिले गेले, तीच सहजता खांबावरील मुलीच्या वाट्यास आली, तर बाळंभटांची विद्या अर्ध्या समाजापुरती मर्यादित राहणार नाही.