खळ्यावरचा वारा आणि पहिले विमान

श्रोते हो, जालन्याकडे ज्याने खळ्यावर ज्वारी उपणली आहे, त्याला वाऱ्याचा स्वभाव सांगायला नको. वारा एकसारखा वाहत नाही. तो पडतो, मग एकाएकी झोत येतो; पडला की भूसकट धान्यातच राहते. विमानाची पहिली गाठही अशाच लहरी वाऱ्याशी पडली.

१७ डिसेंबर १९०३. अमेरिकेतल्या किटी हॉकजवळचा रेताड किनारा. राइट बंधूंचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, हे शाळेत मुले पाठ करतात. त्याच दिवशी बाराच्या सुमारास काय झाले, ते मात्र क्वचितच सांगितले जाते. चौथ्या खेपेस विल्बरने ५९ सेकंदांत ८५२ फुटांची मजल मारली. पण विमान हेलकावे खाऊ लागले, आवरेना, आणि रेतीवर आदळले. पुढच्या सुकाणूची चौकट मोडली. मंडळी बोलत उभी असतानाच एका झोताने ते उभे विमान उलथून टाकले. ते पुन्हा कधीच उडाले नाही.

समोरचा वारा पंखांना उचलून धरतो. तो अचानक पडला, की आधार सुटतो. उतरताना तर विमान जमिनीलगत असते. मग सावरायला उंचीच कुठे उरते?

भाऊ खचले नाहीत. नवी यंत्रे बांधली, वळणे-उतरणे घोटले. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर ३९ मिनिटांत २४ मैल उडाला.

गुरुजी, मुलांना ते १२ सेकंद सांगाल, तेव्हा ही मोडतोडही सांगा.